न्हाणीमागचा धोपा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीत पहिला विषय कापसाच्या खरेदीचा होता, तो झाला. दुसरा विषय अळूचा आहे. मघाशी पत्रिका वाचून दाखवली तेव्हा मागच्या रांगेत हशा झाला. एका भावाने विचारलेसुद्धा, 'आता संघटनेने भाजीचं दुकान टाकायचं का?' हसणे रास्त आहे. भावासाठी रस्त्यावर बसलेली माणसे आपण. आपल्याला कोणी परसबागेचे महत्त्व सांगू लागले की राग येतो आणि तो यायलाच हवा. कारण हे सांगणारे बहुतेक जण कापसाचे नाव टाळण्यासाठीच परसबागेचे नाव घेतात. शेतकरी कर्जात बुडाला? त्याला शेवगा लावायला सांगा. शेतकऱ्याने फास घेतला? त्याच्या बायकोला कोंबड्या द्या. कापूस काय दराने गेला, हे मात्र विचारू नका.

म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट बोलतो. अळू लावल्याने कोणाचे कर्ज फिटणार नाही. अळूने भावाची लढाई संपत नाही आणि तिच्याऐवजी अळू चालतही नाही. जो तसे सांगेल तो आपला नव्हे. तरीही आज अर्धा तास आम्ही अळूवर बोलणार आहोत. का, ते आधी हिशेबाने पाहू.

भाजीचा हिशेब

कोरडवाहू गावात आठवडी बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन कोण जाते? शेतकरीच जातो. ज्याच्या नावावर पाच एकर वावर आहे तोच पालकाची जुडी विकत आणतो. आपल्या आजोबांच्या काळी हे नव्हते. पऱ्हाटीत तुरीच्या ओळी असत. त्यात आंबाडी, चवळी, मूग, तीळ टाकलेले असे. बांधावर वाळकाचा नाहीतर दोडक्याचा वेल असे. निंदणाला गेलेल्या बाया तांदुळजा, घोळ, पाथरी, तरोटा ओच्यात बांधून आणत. कापसाच्या वावरातूनच पावसाळाभर भाजी घरी येत होती, आणि तिचा हिशेब कोणी ठेवत नव्हते.

आज वावरात सलग कपाशी नाहीतर सलग सोयाबीन आहे. तण मारायला औषध आहे. त्या औषधाला तण आणि तांदुळजा यातला फरक कळत नाही. आंबाडीची ओळ गेली, कारण ती डवऱ्याच्या आड येते. हे सगळे मजुरी वाचवण्यासाठी झाले आणि निंदणाचे दर पाहता शेतकऱ्याने ते केले यात त्याची चूक नाही. पण ओच्यातून घरी येणारी भाजी त्यातच गेली. तिचे पैसे आता रोख मोजावे लागतात.

समजा, पाच माणसांच्या घरात आठवड्याला दोनशे रुपयांची भाजी लागते. ज्याला हा आकडा कमी-जास्त वाटेल त्याने आपल्या घरचा घ्यावा. वर्षाचे 52 आठवडे, म्हणजे 10400 रुपये. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये जाहीर झाला होता. तो पदरात पडला असे धरले तरी सव्वा क्विंटलहून जास्त कापूस भाजीत गेला. दर सात हजारांच्या खाली आला तर दीड क्विंटल. कोरडवाहू एकरात चार क्विंटल कापूस निघाला तर आपण बरे पीक म्हणतो. त्यातला दीड क्विंटल, तोही वेचणी, फवारणी, बियाणे, खत यांचा खर्च वजा करण्याआधीचा.

यातले किती अळूने वाचेल? एकट्या अळूने आठवड्याला चाळीस रुपये वाचले आणि ते सहा महिने मिळाले, तर साधारण हजार रुपये. बस, एवढेच. यापेक्षा मोठा आकडा कोणी सांगितला तर त्याच्याकडून कंदसुद्धा घेऊ नका.

मग हजार रुपयांसाठी एवढे भाषण कशाला? तर हे हजार रुपये वर्षातल्या कोणत्या दिवसांत वाचतात ते पाहा. आषाढापासून दिवाळीपर्यंत. हातात पैसा नसतो, दुकानदाराचे खाते वाढत असते, कापूस अजून बोंडात असतो, तेच हे दिवस. पहिली वेचणी घरात आली की घरखर्चासाठी म्हणून ती लगेच विकावी लागते. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले. ती सूट आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. आपल्या वेचणीचे नेमके दिवस. अशा वेळी ज्याच्या घरी खायला आहे तो पंधरा दिवस थांबू शकतो. ज्याच्या घरी नाही तो खेडा खरेदीवाल्याला हाक मारतो. तेल, मीठ, शाळेची वही आणि भाजी, या चार किरकोळ गोष्टींसाठी मोठा माल पडत्या दराने जातो. यातली भाजी तरी आपल्या हातातली आहे.

ही गोष्ट आपल्या चळवळीला नवी नाही. 1991 साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेतीची मांडणी केली, तेव्हा व्यापारशेती आणि निर्यातशेती यांच्या आधी सीताशेती आणि माजघरशेती ही नावे घेतली होती. निर्यातीचे सगळ्यांच्या लक्षात राहिले. माजघर मागे पडले.

आमची फसलेली लागवड

आता आमची एक फजिती सांगतो. आम्ही शेतकी पदवी घेतलेली माणसे. चार वर्षांच्या शिक्षणात अळूच्या वाट्याला अर्धे पान आले होते. शास्त्रीय नाव, लागवडीचे अंतर, हेक्टरी शेणखत, संपले. तेवढ्या भांडवलावर काही वर्षांपूर्वी आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अळूचे प्रात्यक्षिक घ्यायचे ठरवले. कपाशीच्या वावरात, बांधालगत, चांगल्या काळ्या जमिनीत दोन ओळी लावल्या. जुलैत पीक असे तरारले की आम्ही फोटो काढून घेतले. ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे दडी मारली. जमीन भेगाळली, पाने कडेने करपली, एकेक दांडा जमिनीवर लोळला. कपाशी उभी राहिली, अळू गेले.

त्या वावरात कामाला असलेल्या एक आजी ते बघून म्हणाल्या, 'साहेब, धोपा कोनी वावरात लावते का? थो न्हानीमांगं असते.'

आम्हाला चार वर्षांत जे कोणी शिकवले नाही ते आजींनी एका वाक्यात सांगितले. अळू हे पाण्याचे पीक आहे. जगात कित्येक ठिकाणी ते धानासारखे साचलेल्या पाण्यात घेतात. त्याचे पान मोठे, त्यातून पाणी उडते भरपूर, आणि मुळे वरच्या थरातच राहतात. कपाशीचे सोटमूळ खाली जाऊन ओल शोधते, अळूला ते जमत नाही. तेव्हा कोरडवाहू वावरात अळू लावू नका. पण कोरडवाहू गावातही प्रत्येक घरी एक जागा अशी असते की जिथे बारा महिने पाणी सांडते. ती म्हणजे न्हाणी. वावराला पाणी नाही हे खरे. न्हाणीला आहे, आणि ते गल्लीत चिखल करून डास वाढवते.

नावांचा घोळ नको म्हणून सांगून ठेवतो. वऱ्हाडात धोपा, मराठवाड्यात चमकुरा, भंडारा-गोंदियाकडे कोचई, पुण्या-साताऱ्याकडे अळू, ही सगळी एकाच झाडाची नावे. त्याचा कंद म्हणजे अळकुडी. बाजारात तिलाच अरवी म्हणतात.

जागा आणि पाणी

पाच माणसांच्या घरात माणशी पंधरा लिटर आंघोळीचे धरले तरी रोज 75 लिटर पाणी वाहून जाते. भांड्यांचे वेगळे. अळूला भर उन्हाळ्यात एका चौरस मीटरला दिवसाकाठी सात-आठ लिटर पाणी लागते. दोन झाडांत दीड फूट आणि दोन ओळींत दोन फूट अंतर ठेवले तर एका चौरस मीटरात साडेतीन झाडे बसतात. म्हणजे 75 लिटरवर उन्हाळ्यातही पंचवीस-तीस झाडे जगतात. सुरुवातीला आपण बाराच लावू.

न्हाणीच्या पाटापासून दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद आणि फूटभर खोल चर घ्या. काळी जमीन असेल तर तळाशी विटांचे तुकडे किंवा मुरूम टाका. काळी माती पाणी धरून ठेवते आणि सांडपाणी त्यात कुजते. त्यावर दोन-तीन टोपली कुजलेले शेणखत आणि वरची माती सारखी मिसळून चर जवळजवळ भरा. काठ मात्र चार बोटे उंच ठेवा. पाणी एकाच टोकाला पडू नये म्हणून मधून लहान दांड काढा आणि दर आठ दिवसांनी प्रवाहाचे तोंड फिरवा. पाणी तासाभरात जिरले पाहिजे. दुसऱ्या दिवशीही डबके दिसत असेल तर चर लांब करा. घरामागे डास पाळून भाजी खाण्यात शहाणपण नाही.

साबणाचे काय, असे बाया विचारतात. आंघोळीच्या साबणाचे पाणी अळू सहन करते. कपड्यांच्या सोड्याचे पाणी रोज रोज नको, त्याने जमीन चोपण होते. कपडे धुतल्याचे पाणी दुसरीकडे काढा. पावसाळ्यात चरातून स्वच्छ पाणी वाहून जाऊ द्या, म्हणजे साठलेला क्षार निघून जातो. संडासाचे पाणी अळूकडे कधीही वळवू नका.

पंपाच्या पाण्याची गोष्ट

आता जे सांगणार आहोत ते बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढे लक्षात ठेवा.

एका गावात सभेनंतर एका कार्यकर्त्याच्या घरी जेवण होते. ताटात धोप्याच्या वड्या होत्या. कुरकुरीत, वरून तीळ. आम्ही मागून घेऊन खाल्ल्या. हात धुवायला न्हाणीवर गेलो. बाजूला धोपा छातीएवढा वाढलेला, एकेक पान सुपाएवढे. आणि न्हाणीच्या दगडाला टेकवून फवारणीचा पंप उपडा ठेवलेला होता. खालून पांढरट पाणी पाटात ओघळत होते. पाट धोप्याकडे जात होता.

त्या भावाला विचारले. तो म्हणाला, 'पंप इथंच धुतो नं. पाणी इथंच असते.' त्याचे खरे होते. वावरात पाणी नाही, म्हणून पंप घरी येतो. फवारणीचे कपडेही तिथेच पडतात, मोजमापाचे झाकणही तिथेच विसळले जाते. त्याच्या बायकोने हे ऐकले. ती काही बोलली नाही. तिने कोयता आणला आणि सगळी पाने कापून उकिरड्यापलीकडे खड्ड्यात पुरली. लेकरे ओट्यावर जेवत होती.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कित्येक जण आठवडेच्या आठवडे दवाखान्यात पडून होते. त्या वेळी आपण सरकारला आणि कंपन्यांना जाब विचारला आणि ते बरोबरच केले. पण जे विष श्वासातून आणि कातडीतून माणूस मारते ते आपण आपल्या हाताने भाजीच्या मुळाशी ओतत असू, तर तो जाब आपला आपल्यालाच द्यावा लागेल.

म्हणून ज्या घरी पंप न्हाणीवर धुतला जातो त्या घरी अळू लावायचे नाही. आधी पंपाची जागा बदलायची. फवारणीला जाताना एक डबकी पाणी जास्त न्या. पंप वावरातच, विहिरी-नाल्यापासून दूर, तीनदा विसळा आणि ते पाणी फवारलेल्या पिकाच्या ओळीतच टाका. कपडे वेगळ्या बादलीत धुवा आणि ते पाणी अळूकडे जाऊ देऊ नका. औषधाचा रिकामा डबा न्हाणीत तांब्या म्हणून वापरायचा नाही. ज्यांच्याकडे आजवर पंप न्हाणीवरच धुतला गेला आहे त्यांनी तिथली जागा सोडावी आणि भांडी घासण्याच्या मोरीचे पाणी दुसऱ्या बाजूला काढून तिथे चर घ्यावा.

खरे तर अळूने आम्हाला सगळ्यात मोठा फायदा इथेच दिला. ज्या घरांत अळू लावायचे ठरले त्या घरांतून पंप बाहेर गेला. कृषी खात्याची भित्तिपत्रके वर्षानुवर्षे सांगत होती, पण ऐकले कोणी नव्हते. बाईच्या ताटातल्या वडीचा प्रश्न आला तेव्हा ऐकले.

लागवड आणि तोडणी

कंद विकत आणायची गरज नाही. गावात कोणाकडे तरी धोपा असतोच. मात्र ज्या घरी ते खाल्ले जाते त्याच घरचा कंद घ्या. नाल्याकाठी उगवलेले रानअळू किंवा शहरातल्या बंगल्यांत शोभेला लावलेले मोठ्या पानाचे झाड दिसायला तसेच असते, पण ते खाल्ले तर घसा सुजतो.

अळूचे ढोबळ दोन प्रकार. काळपट-जांभळ्या देठाचे, गडद पानाचे ते वडीचे. हिरव्या देठाचे, फिक्या पानाचे ते पातळ भाजीचे. कंदासाठी वाढवतात त्या अरवीच्या जाती वेगळ्या असतात. तिरुवनंतपुरमच्या कंद पिके संशोधन केंद्राने श्री रश्मी, श्री पल्लवी अशा जाती दिल्या आहेत आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पानांसाठी कोकण हरितपर्णी दिली आहे. मिळाल्या तर लावून पाहा. पण पहिल्या वर्षी गावचा कंदच चांगला, कारण तो आपल्या उन्हाला सरावलेला असतो आणि तो खाजरा नाही हे शेजारणीने खाऊन पाहिलेले असते.

लिंबाएवढा, पंचवीस-तीस ग्रॅमचा, डोळा असलेला कंद निवडा. न्हाणीचे पाणी बारमाही असेल तर फेब्रुवारीत लावा, नाहीतर मृगाच्या पावसावर. डोळा वर ठेवून तीन बोटे खोल. वरून सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार पसरा. त्याने ओल टिकते आणि पहिला महिनाभर तण दबते. दीड महिन्याने आणि अडीच महिन्यांनी मातीची भर द्या. रासायनिक खताची गरज पडत नाही. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात, तिथे शेणखत जास्त टाका.

दीड-दोन महिन्यांनी पान तोडणीला येते. नेहमी बाहेरची दोन पाने तोडा आणि आतली तीन-चार ठेवा. दर आठ-दहा दिवसांनी तोडणी करा. बारा झाडांतून एका वेळी चोवीस पाने मिळाली तर घराची एका वेळची भाजी आणि वड्यांचे दोन उंडे होतात.

दिवाळीनंतर थंडी सुरू झाली की पाने पिवळी पडून लहान होतात. कंद हवे असतील तर दोन आठवडे पाणी तोडा आणि मग खणा. पाने तोडली नसतील तर एका झाडाला अर्ध्या किलोपर्यंत कंद मिळतात. पाने सारखी तोडली तर कमी. दोन्ही पूर्ण मिळत नाही, हे आधीच समजून घ्या. आमचा सल्ला असा की आठ झाडे पानांसाठी ठेवा आणि चार कंदांसाठी. खणलेले कंद धुऊ नका. सावलीत वाळवून कोरड्या वाळूत ठेवा. त्यातले चांगले पंधरा-वीस बियाण्याला बाजूला काढा आणि मगच बाकीचे चुलीवर जाऊ द्या.

झडीच्या दिवसांत करपा येतो. पानावर आधी पाणी मुरल्यासारखे गोल ठिपके पडतात, मग ते तपकिरी होऊन वाढतात आणि पान सडते. असे पान दिसताच तोडून पुरून टाका. झाडांत वारा खेळता ठेवा. तंबाखूची पाने खाणारी अळी, जी आपल्या कपाशी-सोयाबीनवरही येते, तिची अंडी पानाच्या मागे पुंजक्याने असतात. ते पान अंड्यांसकट चुरडा. बारा झाडांना फवारणी लागत नाही, दोन डोळे आणि दोन हात पुरतात. खायच्या पानावर कपाशीचे औषध मारायचे नाही, हे पुन्हा सांगतो.

या करप्याची एक गोष्ट कापूसवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. पॅसिफिक महासागरात सामोआ नावाची बेटे आहेत. अळूचा कंद म्हणजे तिथली भाकरी आणि निर्यातीचेही मुख्य पीक. परदेशात एका जातीला मागणी होती म्हणून जिकडे तिकडे तीच लावली. 1993 साली तिथे हा करपा शिरला. ती जात त्याला बळी पडणारी होती. अळूची निर्यात जवळजवळ बंद पडली आणि रोगाला तोंड देणाऱ्या जाती बाहेरून आणून, संकर करून पीक पुन्हा उभे करायला त्यांना कित्येक वर्षे लागली. सगळ्या शिवारात एकच वाण असला की एका रोगाला किंवा एका अळीला सगळे शिवार सापडते. 2017 ची गुलाबी बोंडअळी आठवते ना? म्हणून अळूतसुद्धा दोन-तीन घरचे कंद मिसळून लावा.

खाज आणि स्वयंपाक

धोप्याने घशाला खाज का सुटते? पानात, देठात आणि कंदात चुना आणि ऑक्झॅलिक आम्ल यांच्या संयोगाचे सूक्ष्म, सुईसारखे स्फटिक असतात. कच्चे खाल्ले की त्या सुया जिभेत आणि घशात टोचतात. यावर मुख्य उपाय नीट शिजवणे हाच आहे. चिंच, ताक किंवा आमसूल यांनी खाज कमी होते, पण चिंच घातली म्हणून अर्धकच्चे खाऊ नका. शिजण्याआधी चाखूनही पाहू नका. चिरताना हाताला तेल लावा. कंद सालीसकट उकडून मग सोला, म्हणजे हात खाजत नाहीत. नवीन घरचा कंद लावला असेल तर पहिल्यांदा एक पान शिजवून थोडेसे खाऊन पाहा.

पान पौष्टिक आहे. त्यात लोह आणि चुना आहे, डोळ्यांना लागणारे कॅरोटिन भरपूर आहे आणि 100 ग्रॅम पानांत सुमारे 4 ग्रॅम प्रथिने असतात. पण यातला काही चुना त्या आम्लाने बांधलेला असल्याने अंगी लागत नाही. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी अळू टाळावे किंवा डॉक्टरांना विचारूनच खावे.

पातळ भाजीसाठी मूठभर हरभऱ्याची डाळ आणि तेवढेच शेंगदाणे दोन तास भिजत घाला. पाने धुऊन बारीक चिरा. देठांची साल ओढून काढा आणि तुकडे करा. हे सगळे एकत्र, पाणी घालून, कुकरमध्ये चार शिट्या किंवा चुलीवर डाळ मऊ होईपर्यंत शिजवा. मग घोटा. चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, तिखट आणि दोन चमचे बेसन पाण्यात कालवून घाला आणि चांगली दहा मिनिटे रटरटू द्या. वरून लसूण-मोहरीची फोडणी. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही भाजी खाल्ली की वेगळे वरण लागत नाही. चिंच नसेल तर आंबाडीची चार पाने सोबत शिजवा.

वडीसाठी काळ्या देठाची कोवळी पाने घ्या. पान उलटे ठेवून मागच्या जाड शिरा सुरीने तासा आणि वरून लाटणे फिरवा. बेसन दोन वाट्या असेल तर ज्वारीचे पीठ एक वाटी घ्या. ज्वारीच्या पिठाने वडी कुरकुरीत होते आणि बेसनाचा खर्चही कमी होतो. त्यात चिंच-गूळ, तिखट, हळद, ओवा, तीळ, मीठ घालून घट्ट कालवा. मोठे पान खाली, त्यावर पीठ, त्यावर उलट्या दिशेने दुसरे पान, असे चार थर. कडा आत दुमडून घट्ट उंडा करा आणि वीस-पंचवीस मिनिटे वाफवा. पूर्ण गार झाल्यावरच कापा, नाहीतर थर सुटतात. मग तव्यावर थोड्या तेलात परता. पलीकडे छत्तीसगडमध्ये बेसनाऐवजी उडदाच्या डाळीचे वाटण लावतात आणि वड्या ताकाच्या कढीत सोडतात. ज्यांच्याकडे उडीद आहे त्यांनी करून पाहावे, तेल वाचते.

काम कोणाचे?

शेवटचा मुद्दा भावांसाठी आहे. बाई सकाळी उठून स्वयंपाक करते, दिवसभर कापूस वेचते, संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे बसते. तिला आणखी एक काम लावायला आम्ही इथे आलेलो नाही. 1986 साली चांदवडला लाखो शेतकरी बाया आल्या होत्या, त्या परसबागेचे धडे घ्यायला आल्या नव्हत्या. म्हणून चर खणणे, शेणखत टाकणे, मातीची भर देणे आणि पंपाची जागा बदलणे, ही चारही कामे पुरुषांची. किती लावायचे, कधी तोडायचे, शेजारी कोणाला द्यायचे आणि उरले तर बाजारात विकून येणारे पैसे कशाला वापरायचे, हे घरच्या बाईने ठरवायचे.

कापसाच्या खरेदीचा ठराव आपण मघाशी केला आहे आणि त्यासाठी पुढच्या महिन्यात रस्त्यावर यायचेच आहे. त्याला अळूची सबब चालणार नाही. आणि अळूचा चर खणायला आंदोलनाची सबब चालणार नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्या घरी धोपा आहे त्यांनी पिशवीत दहा-दहा कंद आणावेत. काळ्या देठाचे वेगळे, हिरव्या देठाचे वेगळे. कार्यालयाच्या ओसरीवर टोपल्या ठेवू. ज्यांना हवे त्यांनी न्यावेत, पैसे कोणी घ्यायचे नाहीत. फक्त कंद घेणाऱ्या भावाला आम्ही एक प्रश्न विचारू. तुझा पंप कुठे धुतोस? उत्तर 'न्हाणीवर' असे आले तर कंद मिळणार नाहीत.